उष्टी वीज

आबासाहेबांच्या फॅक्टरीत थुंकायचं कुठं, हेसुद्धा वास्तुशास्त्रवाल्या सिद्धांतीगारूंनी ठरवून दिलं होतं. वायव्य कोपऱ्यात. तिथं तीन भाषांत पाटी होती आणि खाली वाळूनं भरलेला डबा. शशिकांतला दिवसातून कैकदा त्या डब्याची आठवण होई; पण त्याचं काम नेमकं दुसऱ्या टोकाला, आग्नेयेला, आणि तिथून वायव्य गाठायची म्हणजे अख्खी शेड तुडवत जावं लागे. जाईपर्यंत तोंडातलं गिळलं जाई. नोकरीत बरंच काही असंच गिळलं जातं.

शशिकांत तिथला मेंटेनन्स इंजिनीअर. विद्यानगरला घर, तिथल्याच जुन्या विद्यापीठाची इलेक्ट्रिकलची पदवी, पंचेचाळिशी उलटलेली, आणि ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य मनातल्या मनात म्हणायची सवय. मोठ्यानं म्हणून उपयोग नसतो, हे आधीच्या नोकऱ्यांतच कळलं होतं.

आबासाहेबांचं घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतीतलं. वडिलांनी हैदराबादेत येऊन आडत धरली, आबासाहेबांनी डाळमिल काढली, आणि देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात छापून आलं तेव्हा त्यांनी विचार केला की दरवाजा उघडाच आहे तर त्यातून आवकाय बाहेर काढावं. आवकाय म्हणजे आंध्रातलं ते लालभडक, डोळ्यांतून पाणी काढणारं कैरीचं लोणचं. अमेरिकेला गेलेल्या इथल्या पोरांना तिकडं सगळं मिळत होतं, हे तेवढं मिळत नव्हतं. मग पुण्याहून एमबीए करून आलेले जावई, अनिकेतराव, जनरल मॅनेजर झाले. त्यांनी मुनीमजींच्या खोलीला ‘अकाउंट्स’ असं नाव दिलं आणि दर्शनी भिंतीवर ‘क्वालिटी इज अवर रिलिजन’ अशी पाटी ठोकली. रिलिजनचं खातं मात्र आबासाहेबांनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

आणि इटलीहून मशीन आलं. एका बाजूनं प्लास्टिकचा रोल आत जाई, दुसऱ्या बाजूनं लोणच्याची पाकिटं बाहेर पडत. मधे तापवलेले दोन पोलादी जबडे. ते मिटले की पाकिटाचं तोंड कायमचं बंद. कधी मिटायचं आणि कधी उघडायचं हे ठरवणारा एक कंट्रोलर होता, जाड पुस्तकाएवढा करडा डबा. तोच त्या मशीनचा मेंदू.

शशिकांतनं या मेंदूला ईशान्य कोपऱ्यात काचेची वेगळी खोली करून दिली होती. मेन पॅनेलपासून त्याची स्वतःची केबल, भिंतीबाहेर त्याच्यापुरता अर्थिंगचा खड्डा. कारण या डब्याला वीज नुसती मिळून भागत नाही, निवळ मिळावी लागते. त्याच तारेवर मोठी मोटर सुरू झाली, वेल्डिंगची ठिणगी पडली, की विजेत काटे उठतात. दिव्याला ते कळत नाहीत, पंख्याला कळत नाहीत. कंट्रोलरला मात्र ते हुकूम वाटतात. दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासात एकाच खोलीत चार मास्तर ओरडताहेत आणि पोरगं चौघांचंही लिहून घेतंय, तशी त्याची गत होते.

मशीन सुरुवातीला गुण्यागोविंदानं चाललं. हेच आबासाहेबांना खटकलं. काही बिघडत नाही म्हणजे आत कुठं तरी मोठं बिघडत असणार, या श्रद्धेनं त्यांनी सिद्धांतीगारूंना बोलावलं. त्या दिवसांत शहरात वास्तुशास्त्राची अशी साथ होती की माणसं धडधाकट जिने फोडून उलट्या दिशेनं बांधत होती, आणि सिद्धांतीगारू त्या साथीतले मोठे डॉक्टर. रेशमी धोतर, खिशाला पेजर. त्यांनी ईशान्येतली काचेची खोली पाहिली आणि डोळे मिटले. ईशान्य देवाची, वीज म्हणजे अग्नी, आणि अग्नी देवाच्या जागी. त्याची जागा आग्नेय.

आग्नेयेला आधीच कोण कोण होतं? कॉम्प्रेसर होता. वेल्डिंगचा सेट होता. डिझेलचा जनरेटर होता, कँटीनची भट्टी होती. फॅक्टरीत जे जे तापतं, बोंबलतं आणि ठिणग्या टाकतं ते सगळं सिद्धांतीगारूंनी आधीच्या फेऱ्यांत तिथं नेऊन कोंबलेलं होतं. आता त्यांच्या मांडीला मांडी लावून मेंदू बसवण्यात आला, आणि मेंदूपाठोपाठ मशीनही सरकलं. जुनी केबल तिथवर पुरेना, तेव्हा अनिकेतरावांनी कॉम्प्रेसरच्याच बोर्डावरून तार ओढून घेतली आणि अर्थिंगची तार वेल्डिंगच्या अर्थिंगला बांधायला लावली. शशिकांतनं विरोध केला. त्याच आठवड्यात अमेरिकेची पहिली ऑर्डर आली. मग विरोधाला काही अर्थच उरला नाही.

तेव्हापासून मशीनला वेड लागलं. ते मधेच थांबे. मधेच दार उघडं असल्याचा लाल दिवा लावी. जबड्यांपुढं काचेचं दार होतं, आणि ते उघडलं की एक स्विच मशीनला जागच्या जागी थांबवत असे; पाकीट अडकलं तर बाईनं हात घालून काढावं आणि हात शाबूत बाहेर यावा, एवढ्यासाठी. आता दार घट्ट बंद असतानाही कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवा लागे. शशिकांतनं कारण सांगितलं. अनिकेतरावांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे अलार्म खोटा आहे ना? खोटा आहे, शशिकांत म्हणाला. मग बायपास करा, अनिकेतराव म्हणाले. शशिकांतनं हात लावायला नकार दिला, तर त्यांनी बाहेरून वायरमन आणून स्विचच्या दोन तारा पिळून एकत्र बांधून घेतल्या. चोराला सोडून, खोटं भुंकतो म्हणून कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधावं, तसा तो इलाज. लाल दिवा गेला. उत्पादन वाढलं. अनिकेतरावांनी त्याचा आलेख काढून सासऱ्याला दाखवला.

मशीनवर भामा असे. देगलूरकडची, नवरा ऑटो चालवणारा. ती शशिकांतला सगळ्यांसारखंच ‘सार’ म्हणे. तिनं एकदा कामाच्या मधे थांबून, तक्रारीच्या सुरातही नव्हे, सांगितलं, “सार, हे मशीन झोपेत दचकतंय.”

शशिकांतला आपल्या सगळ्या शिक्षणात यापेक्षा बरं वर्णन सुचलं नव्हतं. त्यानं मान हलवली आणि सांगितलं की थांबवायचं बटण दाबल्याशिवाय हात आत घालू नकोस.

तिनं बटण दाबलं होतं. सोमवारची सकाळ, पाकीट अडकलेलं, मशीन थांबलेलं, भामाचा हात आत. पलीकडं कॉम्प्रेसर सुरू झाला आणि जबडे मिटले. भामानं हात ओढला, तो मनगटाला चटका आणि एक बांगडी कमी एवढ्यावर निभावला. बांगडी मात्र निभावली नाही. त्या दिवशीचं एक पाकीट असं निघालं की लाल तेलात, कैरीच्या फोडीशेजारी, हिरव्या काचेचा तुकडा तरंगत होता. तोंड चारी बाजूंनी उत्तम बंद, एक थेंब गळत नव्हता.

शशिकांत ते पाकीट घेऊन जनरल मॅनेजरकडे गेला. अनिकेतरावांनी ते उजेडात धरून पाहिलं, सीलिंग चांगलं झालंय असं म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत सूचना काढली की यापुढं महिला कामगारांनी बांगड्या घालून येऊ नये.

“नवरा जित्ता हाय माझा, सार,” भामा म्हणाली. “मी काय म्हनून हात उघडे करू? त्यांच्या मशीनला झोप न्हाई म्हनून?”

तिनं बांगड्यांवर फडक्याची पट्टी गुंडाळली आणि कामाला लागली. शशिकांत त्या दिवशी मुद्दाम वायव्येपर्यंत चालत गेला. पण डब्याशी उभं राहिल्यावर त्याला वाटलं, एवढ्याशा डब्यानं भागणार नाही.

मग तो आबासाहेबांसमोर जाऊन बसला. मालकाची खोली अर्थातच नैर्ऋत्येला. त्यानं पुष्कळ सोपं करून सांगितलं. मेंदूला कॉम्प्रेसरच्या तारेवरून वीज नको; मेनपासून त्याची वेगळी तार हवी, मधे एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे वीज पलीकडून अलीकडं येते पण तारेला तार लागत नाही, पॅनेलच्या तोंडाशीच एक फिल्टर हवा, आणि स्वतःचं अर्थिंग. हे झालं की दाराचा स्विच पुन्हा खरं बोलू लागेल, आणि मग त्याचं तोंड मोकळं करता येईल. नाही तर एके दिवशी पाकिटात बांगडीच्या जागी बोट निघेल.

आबासाहेबांनी शांतपणे पान लावलं. बोटाचं ऐकून त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. दुष्ट माणसाला निदान पटवता तरी येतं.

“शशिकांतराव, वीज म्हंजे वीज,” ते म्हणाले. “तिच्यात कचरा कसा पडंल? ती काय हुसेनसागरचं पानी हाय? दोष जागेत हाय अजून कुठं तरी. सिद्धांतीगारूंना बोलावलंय गुरुवारी. तोवर त्या पोरीला सांभाळून हात घालायला सांगा.”

घरी बायकोनं, सुलभानं, सगळं ऐकून घेतलं. तिनं एवढंच विचारलं की तो सिद्धांती कुठं राहतो. शशिकांतनं हिमायतनगर म्हणून सांगितलं. मग माझ्याशी काय बोलता, ती म्हणाली, आणि भाजी चिरू लागली.

बुधवारी संध्याकाळी ऊन असतानाच शशिकांत हिमायतनगरला गेला. साड्यांच्या दुकानावर पहिला मजला, काचेचं दार, आत गार हवा. सिद्धांतीगारू कंप्यूटरवर कुणाची तरी कुंडली काढत होते. बाहेरची मंडळी जात होती, येत होती, खाली लिफ्ट घरघरत होती. शशिकांत खुर्चीवर बसला, आणि धंद्याच्या सवयीनं त्याची नजर टेबलाखाली गेली.

टेबलाखाली आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर होता. चांगला, पत्र्याच्या पेटीतला. त्याच्या पुढं फिल्टर. त्यातून निघालेली हिरवी तार भिंतीच्या कडेनं खिडकीबाहेर गेली होती, आणि खाली अंगणात ती जिथं जमिनीत शिरत होती तिथं पाणी घालायचं फनेलसुद्धा होतं. शशिकांतनं उन्हाची तिरीप पाहून दिशा ताडली. कंप्यूटर ईशान्येला होता.

त्याची नजर कुठं आहे ते सिद्धांतीगारूंच्या ध्यानात आलं. ते मुळीच ओशाळले नाहीत. “बहुत नाजुक चीज है, इंजिनीअर साब,” ते कौतुकानं म्हणाले. “लिफ्ट चालू हुई की मेष का मीन कर दे रा था.”

शशिकांतनं विचारलं, मग आमचा मेंदू उचलून कॉम्प्रेसरपाशी का नेलात?

“उनों दिशा पूछे, मैं दिशा बताया,” सिद्धांतीगारू म्हणाले. “करंट का पूछतेच नहीं ना कोई.”

भोंदू माणूस आपल्या भोंदूपणावर विश्वास ठेवणारा असेल तर एक वेळ त्याची कीव येते. हा गृहस्थ इलेक्ट्रिकलमधली ती एक गोष्ट अनिकेतरावांपेक्षा चांगली जाणत होता. उठून जावं असं शशिकांतच्या मनात आलं. पण पाकिटातला तो हिरवा तुकडा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. त्यानं भामाचं सगळं सांगितलं. सिद्धांतीगारूंनी ऐकलं, पेजर पाहिला, आणि म्हणाले की पुन्हा ईशान्य सांगितली तर त्यांची अब्रू राहणार नाही, जागा आहे तीच राहील. बाकी औषध काय ते बोला. शशिकांत बोलत गेला, वेगळी तार, ट्रान्सफॉर्मर, फिल्टर, खड्डा. सिद्धांतीगारूंनी प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणून घेतली. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं की असे डबे घाऊक घेतले तर कुठं मिळतात.

गुरुवारी ते फॅक्टरीत आले. आबासाहेब, अनिकेतराव, शशिकांत आणि मशीनवरची भामा अशा सगळ्यांसमोर ते पॅनेलपुढं उभे राहिले, डोळे मिटले, आणि त्यांनी नाक आक्रसून चक्क वास घेतला.

“एंगिली,” ते म्हणाले.

आबासाहेब चरकले. एवढं तेलुगू त्या फॅक्टरीत सगळ्यांनाच येत होतं. एंगिली म्हणजे उष्टं, दुसऱ्यानं तोंड लावलेलं. सिद्धांतीगारूंनी बोट दाखवून समजावलं: मेनकडून येणाऱ्या विजेला आधी तो कॉम्प्रेसर तोंड लावतो, मग वेल्डिंग लावतं, आणि त्यांची लाळ पडलेली वीज तुम्ही या मेंदूला पाजता. मेंदू ओकणार नाही तर काय करणार.

आबासाहेबांच्या घरात पाहुण्यानं ओठ लावलेलं भांडं तीनदा विसळल्याशिवाय फळीवर जात नसे. त्यांचा चेहरा पालटला.

“उष्टी?” ते म्हणाले. “इतके दिवस आपन याला उष्टी वीज पाजली, शशिकांतराव?”

आणि ते जाऊन खरोखर चूळ भरून आले.

पुढचं सगळं शनिवारच्या आत झालं. शशिकांत महिनोन्महिने जे मागत होता ते ते आबासाहेबांनी घाई करून आणवलं. मेनपासून सलग, कुणी तोंड न लावलेली तार. सिद्धांतीगारूंच्या भाषेत रक्षायंत्र, म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर. द्वाररक्षक, म्हणजे फिल्टर. भिंतीबाहेर खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा. अर्थिंगला हे पूर्वापार घालतातच, पण मीठ पाहून आबासाहेबांना दृष्ट आठवली आणि त्यांनी वरून मूठभर मोहऱ्याही टाकल्या. मोहऱ्यांनी अर्थिंगचं काही बिघडत नाही, म्हणून शशिकांतनं त्या पडू दिल्या. नारळ मात्र त्यानं पॅनेलपासून लांब, आपल्या हातानं फोडला, आणि ट्रान्सफॉर्मरच्या जाळीवर आबासाहेब कुंकू सोडायला लागले तेव्हा त्यांचा हात धरून ते पत्र्यावर लावायला लावलं. आत गेलं असतं तर सौभाग्य नव्हे, शॉर्ट सर्किट झालं असतं.

कॉम्प्रेसर सुरू केला. वेल्डरला मुद्दाम ठिणग्या पाडायला लावल्या. मशीन दचकलं नाही. ते शहाण्यासारखं पाकिटं भरत राहिलं. आबासाहेबांनी सिद्धांतीगारूंना हार घातला. सिद्धांतीगारूंनी तो गळ्यातच ठेवून शशिकांतकडं पाहिलं आणि एका डॉक्टरनं दुसऱ्याकडं पाहावं तशी मान लववली. शशिकांतला त्या मानेची जितकी किळस आली तितकी आजवर कॉम्प्रेसरच्या जळक्या तेलाचीही आली नव्हती.

त्यानं पक्कड घेतली आणि दाराच्या स्विचकडं वळला. त्या पिळलेल्या तारा सोडवायच्या होत्या. एवढ्यासाठीच हा सगळा बाजार केला होता.

“एक मिनिट,” अनिकेतराव म्हणाले. “आता तर प्रोटेक्शन आलंय ना? मग स्विच कशाला? दार उघडून मशीन चालू ठेवता आलं तर स्पीड वाढेल. परवा न्यू जर्सीचे लोक येतायत बघायला.”

“खरं हाय,” आबासाहेब म्हणाले. “आता रक्षायंत्र हाय की.”

भामा काचेच्या दाराशी उभी होती. मनगटावरची फडक्याची पट्टी सोडत होती.

“म्हंजे आता हात घातला तरी चालंल व्हय, सार?” तिनं विचारलं.

तिच्या विचारण्यात थट्टा नव्हती. मालकानं हार घातला होता, नारळ फुटला होता, मशीन खरोखर शहाणं झालं होतं. विश्वास न ठेवायला तिच्याकडं काही कारण नव्हतं. शशिकांतला सांगायचं होतं की गाळलेली वीज म्हणजे देव नव्हे, उद्या ट्रान्सफॉर्मर जळेल, परवा एखादी तार ढिली होईल, हाताच्या आणि जबड्याच्या मधे शेवटी तो स्विचच उभा असतो. हे त्यानं आधी कितीदा सांगितलं होतं. मराठीत, हिंदीत, अनिकेतरावांना इंग्रजीतसुद्धा. त्याला टेबलाखालची हिरवी तार आठवली.

“आबासाहेब,” तो म्हणाला, “सिद्धांतीगारू बुधवारी मला एक बोलले होते. दार उघडं आणि मशीन चालू, म्हणजे लक्ष्मी त्याच दारानं निघून जाते. दार उघडलं की सगळं जिथल्या तिथं थांबलं पाहिजे.”

सिद्धांतीगारू तिथंच होते. त्यांनी क्षणभर शशिकांतला निरखलं, मग गंभीरपणे मान डोलावली. अनिकेतरावांनी तोंड उघडलं होतं. ते सासऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहून मिटलं.

“मग आधी का न्हाई सांगितलं?” आबासाहेबांनी विचारलं.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

तारा सुटल्या. शशिकांतनं त्यांचे उरलेले तुकडे खिशात टाकले आणि स्विच जोडला. आबासाहेबांनी दारावर लक्ष्मीची दोन कुंकवाची पावलं काढवून घेतली, तोंड आतल्या बाजूला.

न्यू जर्सीची मंडळी आली. कडक इस्त्रीची, बाटलीतलं पाणी पिणारी. अनिकेतराव पुढं चालत माहिती देत होते. मशीनपाशी नेमकं पाकीट अडकलं. भामानं दार उघडलं, आणि जबडे होते तिथंच थिजले. पलीकडं कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. जबडे हलले नाहीत. तिनं मनगटभर हिरव्या बांगड्यांचा हात आत घातला, पाकीट काढलं, दार लावलं, आणि मशीन पुन्हा चालू झालं. पाहुण्यांतल्या एकानं खूश होऊन विचारलं की दाराला सेफ्टी आहे वाटतं. इंटरनॅशनल स्टँडर्ड, अनिकेतराव म्हणाले, इथं सुरुवातीपासून त्याचा आग्रह आहे.

पाहुण्यांनी दारावरच्या पावलांचा फोटो काढला. आबासाहेब शशिकांतच्या कानाशी झुकले. डाळमिलमध्येही दोन मशिनं आहेत, म्हणाले, त्यांची वीज उष्टी आहे का ते एकदा बघा. सिद्धांतीगारूंना मुद्दाम कशाला त्रास द्यायचा, तुम्हाला कळतं की आता.

“बघतो,” शशिकांत म्हणाला.

त्याच्या तोंडात लाळ जमली. वायव्येपर्यंत सगळी शेड पाहुण्यांनी भरलेली होती.

भामानं पुन्हा दार उघडलं, हात आत घातला. शशिकांतनं तिचा हात बाहेर येईपर्यंत पाहिलं, आणि मग गिळलं.